पट्टीतली कॅप्सूल की बरणीतला आवळा?

सिगारेट सोडून सहा वर्षं झाली. सोडली तेव्हा वीस वर्षं छळलेल्या फुप्फुसांचं थोडं उतराई व्हावं असं फार वाटायचं. अँटिऑक्सिडंटची, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या रेणूंशी झुंजणाऱ्या द्रव्यांची, कॅप्सूल घ्यावी की आहारातूनच भागवावं, या पेचात तुम्ही असाल तर सांगतो, मी दोन्ही करून पाहिलंय.

कॅप्सूलची सोय मोठी. नाश्त्यानंतर एक गिळली की दिवसाचं काम झालं. ‘सी’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वं, जस्त, सेलेनियम सगळं एका ठिकाणी. रिकाम्या पोटी घेतली तर जस्तामुळे मळमळायचं, पण ते चालवून घेतलं असतं.

चालवून घेता आली नाही ती केमिस्टची कात्री. दहाची पट्टी, मी सहा मागायचो, आणि घटकांची यादी बरोबर मधोमध कापली जायची. माझ्या वाट्याच्या चंदेरी कागदावर ‘बीटाकॅरोटीन’ (गाजराला रंग देणारं द्रव्य, शरीर त्यातून ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं) एवढं वाचता यायचं. मात्रा किती? ती दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या घरी गेलेली.

एरवी मी एवढा कीस काढला नसता. पण फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर जी मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. रोज २० मिलिग्रॅम बीटाकॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीत तर सिगारेट सोडलेलेही होते. तिथे बीटाकॅरोटीनच्या जोडीला ‘अ’ जीवनसत्त्व दिलं होतं. तिथेही फुप्फुसाचा कर्करोग जास्तच निघाला, आणि ती चाचणी १९९६ च्या जानेवारीत मुदतीआधीच थांबवावी लागली. माझ्या कॅप्सूलमध्ये मात्रा कदाचित किरकोळ असेल. पण आपण नेमकं काय गिळतोय ते कळत नसेल, तर माझ्यासारख्या जुन्या फुंक्याने जरा जपूनच राहिलेलं बरं.

गाजराला मात्र घाबरू नका. चाचण्यांमधली मात्रा गोळ्यांची होती, कोशिंबिरीची नव्हे.

आहाराचीही कटकट आहेच. आवळा हिवाळ्यातच चांगला मिळतो, चिरताना बी सुटता सुटत नाही, आणि मीठ-हळद लावून दोन फोडी जास्त खाल्ल्या की दात आंबतात. मोरावळा चविष्ट, पण त्यात साखर किती ते घालणाऱ्यालाच ठाऊक. मी आवळे संपले की पेरूवर येतो. शंभर ग्रॅम पेरूत ‘सी’ साधारण २०० मिलिग्रॅम असतं. सिगारेट ओढणाऱ्याला इतरांपेक्षा रोज ३५ मिलिग्रॅम जास्त लागतं म्हणतात. ते एका पेरूत कधीच भरून निघतं. जस्त आणि तांब्यासाठी तिळाची चटणी, सेलेनियमसाठी अंडी नाहीतर बांगडा. ही खनिजं स्वतः काही झुंजत नाहीत, शरीराची संरक्षक एन्झाइमं त्यांच्याविना चालत नाहीत एवढंच. गरजेपुरती मिळाली की वर ओतून फारसं काही साधत नसावं.

फरक पडला का? पूर्वी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना दोनदा टेकायचो, आता एका दमात जातो. श्रेय आवळ्याचं की सोडलेल्या सिगारेटचं? बहुधा सिगारेटचंच.

तपासणीत एखादी कमतरता निघाली आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, तर जरूर घ्या. फक्त पट्टी अख्खी मागा, आणि केमिस्टला कात्री खाली ठेवायला सांगा.