ओल्ड फॅशन्डसाठी कुंकळ्ळीची ‘ब्रिलियन्स’

ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्कीचे कॉकटेल घरी करायचे म्हटले की बहुतेक पाककृती बर्बन या अमेरिकी व्हिस्कीची बाटली आणायला सांगतात. गोव्यात राहणाऱ्याने त्याआधी कुंकळ्ळीत तयार होणारी पॉल जॉन ‘ब्रिलियन्स’ ही सिंगल माल्ट व्हिस्की वापरून पाहावी, असे माझे मत आहे. मात्र बर्बनसाठी लिहिलेले साखरेचे प्रमाण तिला जसेच्या तसे लावू नये.

बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपांत मुरते, त्यामुळे तिची चव भरदार आणि व्हॅनिलाच्या अंगाची असते. ब्रिलियन्स ही निव्वळ भारतीय बार्लीची, पण मुरते ती बर्बनच्याच रिकाम्या पिंपांत. तोच व्हॅनिला येथे हलका होऊन येतो आणि त्यामागे मधासारखा गोडवा व किंचित दालचिनी जाणवते. हे कॉकटेल तिच्यात जमते ते या नात्यामुळेच. शिवाय तिच्यात अल्कोहोलचे प्रमाण ४६ टक्के आहे, ही गोष्ट आपल्या दमट हवेत विशेष महत्त्वाची ठरते, कारण ग्लासातला बर्फ भराभर वितळत असतानाही पेय शेवटपर्यंत पाणचट होत नाही.

साठ मिली व्हिस्कीला साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक अर्धा छोटा चमचा पुरतो; पूर्ण चमचा घातला की मधाची चव साखरेखाली दबते. अँगोस्टुरा बिटर्स या कडू, मसालेदार अर्काचे दोन झटके द्यावेत, बर्फासोबत अर्धा मिनिट शांतपणे ढवळावे आणि बर्फाच्या एकाच मोठ्या खड्यावर गाळून घ्यावे. नेहमीच्या ट्रेमधले छोटे खडे येथे कामाचे नाहीत. वाटीत गोठवलेला बर्फ चालतो. सालीच्या बाबतीत थोडा चोखंदळपणा हवा. नागपुरी संत्र्याची सैल साल सुरीने पट्टीसारखी नीट निघत नाही, म्हणून घट्ट सालीचे, आयात केलेले संत्रे घ्यावे, पांढरा भाग टाळून पट्टी काढावी आणि तिचे तेल पेयावर पिळावे.

साखरेऐवजी माडाचा गूळ घालण्याचा मोह गोव्यात कोणालाही होईल. त्याचा काळसर, किंचित खारट गोडवा मला एरवी फार आवडतो, पण ब्रिलियन्ससारख्या नाजूक माल्टला तो झाकून टाकतो. त्याच घराण्यातल्या धुरकट ‘बोल्ड’शी त्याचे चांगले जुळते, तेथे गुळाचा पाक पूर्ण चमचाभर घालायलाही हरकत नाही. संत्र्याची साल मात्र त्या धुरापुढे टिकत नाही, म्हणून बोल्ड वापरताना मी ती वगळते.