ॲपल पॅन, लॉस एंजेलिस : काही महिने नेमाने खाऊन झाल्यावर

पिको बुलेवार्डवर एक बुटकं पांढरं घर आहे, समोर प्रचंड मोठी इमारत. ती इमारत म्हणजे पूर्वीचा वेस्टसाइड पॅव्हिलियन मॉल. तो बंद पडला, २०२४ मध्ये यूसीएलए या विद्यापीठाने जागा विकत घेतली. ते बुटकं घर, म्हणजे ॲपल पॅन हे बर्गर-पाईचं दुकान, मात्र १९४७ पासून तिथंच आहे. पश्चिम लॉस एंजेलिसमध्ये राहायला आल्यापासून आमचं जाणं-येणं चालू आहे, म्हणून लिहितोय.

आत टेबलं नाहीत. इंग्रजी यू आकाराचा एकच काउंटर, भोवती २६ स्टुलं, मधे वाढणारी माणसं. नाव लिहून घेणारं कोणी नाही, टोकन नाही. भिंतीला टेकून उभं राहायचं आणि कुणाचं कुठवर आलंय ते बघायचं. लग्नात जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून मोठे झालेल्या आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही. पाई संपवून कॉफीवर आलेला माणूस हेरा. चौघं मिळून गेलात तर मात्र दोघं इकडे, दोघं तिकडे, ही तयारी ठेवा.

बसलात की विचारतात, हिकरी की स्टेक? हिकरीवर धुरकट वासाचा लाल सॉस, स्टेकवर गोडसर रेलिश, म्हणजे बारीक चिरलेलं लोणचं. मी हिकरीवाला. वर चेडर चीज घ्याच. बर्गर कागदात गुंडाळून येतो, आत आइसबर्ग लेट्यूसचा चांगला जाड थर. पहिला घास कुरकुरतो आणि मग सॉस बोटांवर येतो. फ्राइजबरोबरचं केचप वाढणारा स्वतःच कागदी बशीत ओततो. कोक कागदी कोनात, आणि तो कोन धातूच्या स्टँडमध्ये.

दोन्ही बर्गर बीफचेच, तेव्हा पाहुण्यांना घेऊन जाणार असाल तर आधीच सांगून ठेवा. ट्यूना आणि एग सॅलड सँडविच मिळतं. अंडंही न खाणाऱ्यांना इथं फारशी निवड नाही.

पण मी हल्ली जातो ते पाईसाठी. नाव ॲपलचं असलं तरी माझं मत बनाना क्रीमला. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी काट्याने वरचं क्रीम बाजूला सारून आधी केळं तपासलं. ‘काळं पडलेलं नाही, आजच चिरलंय,’ म्हणाल्या आणि माझ्या बशीकडे वळल्या.

२०१९ मध्ये मूळ बेकर कुटुंबाकडून हे दुकान संगीतव्यवसायातले आयर्विंग अझॉफ आणि त्यांच्या पत्नी शेली यांनी घेतलं. जुनी गिऱ्हाइकं म्हणतात, पूर्वीची मजा राहिली नाही. मी पूर्वीचं खाल्लेलंच नाही, त्यामुळे त्या वादात पडत नाही. जॉनी रॉकेट्स ही साखळी १९८६ साली निघाली ती हाच काउंटर डोळ्यांसमोर ठेवून. तिथेही खाल्लंय. बरं असतं, इतकंच.

जायचं तर आडवारी, तीन-साडेतीनला. आणि बनाना क्रीम घरी आणायच्या भानगडीत पडू नका, रात्रभर फ्रीजमध्ये राहिली की खालचं आवरण मऊ पडतं. ॲपल खुशाल आणा. सकाळी दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवली की काम झालं.