साठ गाणी, बारा बुधवार: घरच्या संग्रहाची गीतमाला लावताना आठ महिन्यांत काय कळलं

आमच्या घरात २१४ कॅसेट्स आहेत. निम्म्या विकतच्या, निम्म्या बाबांनी टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्रावर) रेडिओवरून भरून घेतलेल्या. गेल्या जूनमध्ये आम्ही ठरवलं की या सगळ्या संगणकावर घ्यायच्या, त्यातून घराची सर्वांत आवडती साठ गाणी निवडायची आणि साठाव्यापासून पहिल्यापर्यंत उलटी मोजत ऐकायची. बाबांनी तरुणपणी रेडिओ सिलोनवर दर बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला ऐकली आहे. निवेदक अमीन सायानींचा, गाण्याच्या क्रमांकासाठीचा 'पायदान' हा शब्द अजून त्यांच्या तोंडात आहे. त्यामुळे कल्पना माझी असली तरी तिचा साचा बाबांचा.

आता फेब्रुवारी संपत आलाय. या आठ महिन्यांत वापरलेल्या वस्तू, सॉफ्टवेअर आणि मोजणीच्या पद्धती यांचा अनुभव लिहिते आहे. घरात कॅसेट्सचं खोकं माळ्यावर पडलेलं आहे आणि हात घालायचा धीर होत नाही, अशांना याचा उपयोग व्हावा.

आधी यंत्राबद्दल. पहिल्यांदा मी ऑनलाइन मिळणारा, थेट यूएसबीने जोडायचा छोटा कॅसेट प्लेअर घेतला. नाव लिहीत नाही, कारण त्या किमतीतले असे बरेचसे प्लेअर एकाच जातीचे असतात. आवाज थरथरत होता. लांबवलेला सूर सरळ राहीना, आणि मोटरची घरघर गाण्याच्या खाली सतत ऐकू येत होती. भीमसेन जोशींची लांब तान त्यावर लावली आणि बाबा उठून आत गेले. चौथ्या दिवशी परत केला.

मग पुण्याच्या जुन्या बाजारातून एक जुना कॅसेट डेक आणला. जड, लोखंडी पेटीसारखा. ३,८०० रुपये डेकचे, वर बेल्ट आणि फीत पुढे ओढणारा पिंच रोलर बदलण्याचे ९०० रुपये दुरुस्तीवाल्या काकांचे. डेकच्या लाइन-आउटमधून वायर एका साध्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये आणि तिथून लॅपटॉपला. आठ महिन्यांत याने एकदाही फीत खाल्ली नाही. दर दहा कॅसेट्सनंतर हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसते. कापसावर तपकिरी डाग उमटतो, तो फितीवरून झडलेला लोहाच्या ऑक्साइडचा थर. डाग गडद झाला की ती कॅसेट वाट न पाहता आधी उतरवून घ्यायची.

एक महत्त्वाची गोष्ट मला ऑक्टोबरपर्यंत माहीत नव्हती. बाबांनी भरलेल्या सगळ्या कॅसेट्स दबलेल्या, रजईखालून येत असल्यासारख्या वाजायच्या. मी समजत होते की फीत जुनी झाली. काकांनी सांगितलं की फीत ठीक आहे, ज्या टू-इन-वनवर ती भरली त्याचं हेड जरा तिरकं असणार. माझ्या डेकचं हेड सरळ, म्हणून वरचे सूर हरवतात. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना तो अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी, फिरवत जायचं आणि झांजेचा, टाळांचा आवाज सर्वांत स्वच्छ होईल तिथे थांबायचं. मी थांबले तेव्हा स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "रेडिओ कुणी लावला?" पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीची दुपार त्या फितीत जशीच्या तशी होती. निवेदिकेचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. त्यानंतर आधी उतरवलेल्या बावीस कॅसेट्स मी पुन्हा उतरवल्या. विकतच्या कॅसेट लावताना स्क्रू पूर्वीच्या जागी आणायला मात्र विसरू नका. मी त्या जागेवर स्केचपेनने खूण केली आहे.

पावसाळ्यात पांढरी बुरशी धरलेल्या सात कॅसेट्स निघाल्या. त्या डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. त्या वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत.

उतरवायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे आणि या कामाला पुरेपूर आहे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटं लागतात, इथे घाई चालत नाही. पूर्ण बाजू एका दमात रेकॉर्ड करायची, मग प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला लेबल लावून सगळी गाणी एकदम वेगवेगळ्या फाइल्समध्ये काढायची. खरखर कमी करण्याची सोय आहे, पण मी ती जवळजवळ सोडूनच दिली. जास्त लावली की तानपुरा पाण्याखाली गेल्यासारखा होतो. खरखर कानाला दहा मिनिटांत सवयीची होते, हरवलेला तानपुरा होत नाही. वेग बदलायची सोय मात्र फार कामाची. बाबांच्या टू-इन-वनचा वेग कमी असावा, त्यामुळे त्यावर भरलेलं आमच्या डेकवर चढं वाजतं. पेटीवर धरून पाहिलं तर पट्टी काळी एक आणि पांढरी दोन यांच्यामध्ये कुठेतरी लोंबकळत होती. तेच गाणं सीडीवर होतं, त्याच्याशी ताडून वेग तीन टक्के उतरवला आणि पट्टी बसली. फाइल्स फ्लॅक या प्रकारात ठेवते. जागा साध्या वेव्ह फाइलच्या साधारण निम्मी लागते आणि आवाजातलं काही कमी होत नाही.

आता मोजणीकडे येते, कारण खरी परीक्षा तिथे झाली.

संगणकावर म्युझिकबी हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर ठेवलं आहे. विंडोजवर चालतं, पैसे लागत नाहीत, देवनागरी नावं नीट दिसतात. प्रत्येक गाणं किती वेळा वाजलं, किती वेळा मध्येच सोडलं, याची नोंद ते आपोआप ठेवतं. तारे देता येतात, अर्धेसुद्धा. मला वाटलं, सहा महिने रोज ऐकू, शेवटी आकड्यांप्रमाणे क्रम लावू, झालं.

नोव्हेंबरमध्ये यादी काढली तर पहिल्या क्रमांकावर 'घनश्याम सुंदरा श्रीधरा', ९६ वेळा. होनाजी बाळांची भूपाळी, 'अमर भूपाळी' चित्रपटातली, वसंत देसाईंचं संगीत. गाणं थोर आहे, पण ते ९६ वेळा वाजलं कारण आई सकाळी उठून संगणक चालू करते आणि सकाळच्या यादीत तेच पहिलं आहे. आणि 'दाटून कंठ येतो', वसंतराव देशपांड्यांचं, 'अष्टविनायक' मधलं, ते चार वेळा. चारच. माझ्या पाठवणीच्या दिवशी मांडवात ते लागलं होतं. आमच्या घरात ते गाणं सहज म्हणून कुणी लावत नाही. लावलं तर हातातलं काम ठेवून बसावं लागतं. वाजण्याचा आकडा या दोन गाण्यांना समजूच शकत नाही.

ताऱ्यांचंही तेच झालं. पाच तारे मिळालेली गाणी निघाली १३८. ज्या गाण्यासाठी बाबांनी रात्री जागून रेडिओजवळ बोट बटणावर ठेवलं, त्याला साडेचार तारे द्यायला हात होत नाही.

मग मी भाचीला विचारलं. ती संगणकशास्त्र शिकते. तिने सांगितलं, "मावशी, आकडे नकोस देऊ. दोन गाणी समोर ठेव आणि एवढंच विचार, यातलं कुठलं?" साठ गाण्यांच्या सगळ्या जोड्या केल्या तर १,७७० होतात, तेवढ्या करायची गरज नाही. यादी एकेका गाण्याने वाढवायची. नवीन गाणं आधी यादीच्या मधल्या गाण्यासमोर ठेवायचं. ते वरचं ठरलं तर वरच्या अर्ध्याच्या मधल्यासमोर, खालचं ठरलं तर खालच्या अर्ध्याच्या. अशा जास्तीत जास्त सहा तुलनांत प्रत्येक गाण्याला जागा सापडते, आणि साठ गाण्यांना मिळून तीनशेच्या आत. १३८ मधून साठ निवडणं आम्ही तिघांनी एका रविवारी कागदावर केलं. त्यानंतर रोज रात्री जेवणानंतर दहा-बारा तुलना. काही क्षणात सुटायच्या. काही जोड्यांना दोन दिवस लागले.

मला हा प्रकार इतका आवडला की एखाद्याने बाकी काहीही केलं नाही तरी हे करावं असं सांगेन. कारण तुलना करताना गाणं पुन्हा ऐकावं लागतं, आणि नुसतं 'आवडतं' म्हणून भागत नाही. 'तोच चंद्रमा नभात' विरुद्ध 'जिवलगा राहिले रे दूर घर माझे' अशी जोडी आली, दोन्ही शांता शेळक्यांची. पहिल्यात सगळं तसंच आहे, फक्त मन तसं उरलेलं नाही. दुसऱ्यात घर दूर आहे, पावलं थकली आहेत. मी वीस वर्षं दोन्ही गाणी गुणगुणली, पण ती एकाच कवयित्रीची आहेत हे त्या रात्रीपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. 'जिवलगा' वर गेलं. आशाबाईंनी पहिल्याच शब्दावर जो भार टाकलाय, त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

'सखी मंद झाल्या तारका' ने सर्वांत जास्त वाद घातला. सुधीर मोघ्यांचे शब्द, राम फाटकांची चाल, आणि संग्रहात दोन आवाज: सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, आणि भीमसेन जोशी. बाबांचं म्हणणं, गाणं एक, जागा एक. मी म्हटलं, बाबूजी प्रत्येक शब्द ओंजळीत धरून देतात आणि भीमसेनांच्या आवाजात तीच पहाट मोठ्या देवळाच्या सभामंडपात होते. ही दोन गाणी आहेत. शेवटी नियम केला, की ध्वनिमुद्रण वेगळं तर जागा वेगळी. एक तिसऱ्या क्रमांकावर आलं, एक अकराव्या. कुठलं कुठे हे इथे लिहिलं तर बाबा पुन्हा चर्चा सुरू करतील.

गीतरामायण मात्र बाहेर ठेवलं. पुणे आकाशवाणीवरून १९५५ च्या रामनवमीपासून आठवड्याला एक याप्रमाणे आलेली ती छप्पन्न गाणी. त्यातलं एक उचलून 'शुक्रतारा' समोर ठेवणं मला जमेना. बाबांना हे पूर्ण पटलेलं नाही.

ज्यांना हे करायचं आहे त्यांना कळकळीची विनंती: कवी आणि संगीतकार यांची नावं भरा. विकतच्या कितीतरी कॅसेट्सच्या कार्डावर फक्त गायकाचं नाव आहे. मी प्रत्येक गाण्याला दोन्ही रकाने भरले, दोन महिने गेले. नावं एकाच प्रकारे लिहा, 'सुधीर' एकदा ह्रस्व आणि एकदा दीर्घ झालं की सॉफ्टवेअर दोन माणसं धरतं. पण ते भरल्यावर साठ गाण्यांची यादी संगीतकारांप्रमाणे लावली आणि मी थक्क झाले. मी स्वतःला कायम बाबूजींच्या गाण्यांची समजत आले. यादीत सर्वांत जास्त गाणी श्रीनिवास खळ्यांची निघाली, चौदा. 'श्रावणात घन निळा', 'या चिमण्यांनो परत फिरा रे', 'शुक्रतारा', भीमसेनांचं 'राजस सुकुमार', आणि लहानपणी पहिल्यांदा पाठ झालेलं 'गोरी गोरी पान' सुद्धा त्यांचंच. जन्मभर ज्या माणसाच्या चालींत राहिले त्याचं नाव कार्डावर नव्हतं, म्हणून मला माहीत नव्हतं.

एक नुकसानही झालं. सप्टेंबरमध्ये हार्ड डिस्क गेली. गाण्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर होती, पण वाजण्याच्या नोंदी आणि तारे ज्या लायब्ररीच्या फाइलमध्ये असतात तिची प्रत तीन आठवडे जुनी होती. तेवढ्या नोंदी गेल्या. आता रविवारी दोन्हींची प्रत घेते, आणि एक डिस्क ताईकडे ठाण्याला असते.

मोजणी ३ डिसेंबरला सुरू केली. त्या दिवशी बुधवार होता, आणि १९५२ साली बिनाका गीतमाला सुरू झाली तीही ३ डिसेंबरच्या बुधवारी. दर बुधवारी आठला पाच गाणी, असे बारा बुधवार. बाबा वहीतून क्रमांक, कवी, संगीतकार, गायक वाचायचे. कानाला यंत्र लावल्यामुळे ते हल्ली मोजकंच बोलतात, पण बुधवारी आवाज खणखणीत लागायचा. तिसऱ्या बुधवारपासून शेजारचे दोघं येऊ लागले, जानेवारीत ताई फोनवरून ऐकू लागली. एका बैठकीला पाच गाणी हे प्रमाण बरोबर आहे. एकदा आठ लावून पाहिली, शेवटच्या तीन गाण्यांकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

'घनश्याम सुंदरा' चौतिसावं आलं. 'दाटून कंठ येतो' दुसरं. पहिल्या क्रमांकावर 'या चिमण्यांनो परत फिरा रे' होतं, माडगूळकर, खळे आणि लताबाई. आम्हा तिघांच्या वेगवेगळ्या तुलनांत ते एकदाही हरलं नव्हतं. आईने सांगितलं की आम्ही दोघी बहिणी शाळेतून यायच्या वेळी हे लागलं की ती गॅस बारीक करून दारात जाऊन उभी राहायची. हे तिने आजवर कधीच बोलून दाखवलं नव्हतं.

खर्च एकूण साडेआठ हजारांच्या आसपास झाला: डेक, दुरुस्ती, इंटरफेस, वायरी, दोन डिस्क. वेळ विचाराल तर रोजचा दीड-दोन तास. १३१ कॅसेट्स झाल्या, ८३ बाकी आहेत, आणि डेकचा बेल्ट पुन्हा सैल वाटतोय, या आठवड्यात काकांकडे न्यायचा आहे.

परवा १३२ वी लावली. बाजू 'ब' वर, बाबांच्या अक्षरात 'कानडा राजा पंढरीचा', बाबूजी आणि वसंतराव. यादीत ते नव्हतंच, कारण कॅसेट खोक्याच्या तळाशी होती. मी ते तिसाव्या गाण्यासमोर ठेवलं, वर गेलं. पंधराव्यासमोर ठेवलं, तेही मागे पडलं. सातव्यावर बाबा आणि आई यांचं एकमत होत नाहीये. आज रात्री जेवणानंतर दोन्ही पुन्हा ऐकणार आहोत.