मराठी विकिपीडियावर नऊ महिने : एका निवृत्त भूकरमापकाचा अनुभव

गेल्या नऊ महिन्यांपासून मी मराठी विकिपीडियावर नोंदणीकृत सदस्य म्हणून लिहितो आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला हा ज्ञानकोश वाचक म्हणून मी बरीच वर्षे वापरत होतो. परंतु सातबारा पाहणे आणि सातबाऱ्यावर नोंद घालणे यांत जेवढे अंतर आहे तेवढेच येथे वाचण्यात आणि लिहिण्यात आहे, हे खाते उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आले. सारी नोकरी जमीनमोजणीत गेल्यामुळे मला अशाच तुलना सुचतात, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

तुलना करायचीच झाली, तर कोणत्याही लेखाचे ‘इतिहास’ हे पान मला तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीसारखे वाटते. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला हे तेथे कायम राहते आणि जुनी कोणतीही आवृत्ती उघडून नवीशी ताडून पाहता येते. फरक एवढाच, की फेरफाराची नोंद आधी प्रस्तावित होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. विकिपीडियावर मात्र नोंद तत्काळ जगासमोर येते आणि हरकत मागाहून घेतली जाते. हा उलटा क्रम अंगवळणी पडेपर्यंत मला फार जड गेला. आपण लिहिलेले कोणी काढून टाकले, की नवख्या माणसाला तो अपमान वाटतो. वस्तुतः ती केवळ हरकत असते आणि तिची सुनावणी लेखाच्या चर्चा पानावर व्हावयाची असते. तेथे आपले म्हणणे मांडून शेवटी चार तरंगचिन्हे (~~~~) टंकली, की नाव आणि वेळ आपोआप उमटते. ही सही विसरणे ही माझी पहिली चूक होती आणि ती मी किमान दहा वेळा केली.

माझे खरे शिक्षण सातारा तालुक्यातील लिंब येथील बारा मोटेच्या विहिरीवर लिहिताना झाले. ही विहीर वीरूबाई भोसले यांनी छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, इ.स. १७१९ ते १७२४ या वर्षांत बांधून घेतली असे छापील मजकुरात आढळते. खोली ११० फूट आणि व्यास ५० फूट हे आकडेही सर्वत्र तेच दिसतात. विहीर मी लहानपणापासून पाहिलेली आहे. आकड्यांचा मला संशय होता म्हणून मी स्वतः फीत घेऊन गेलो, दोन बाजूंनी मापे घेतली, घरी येऊन कच्चा नकाशा काढला आणि माझे माप लेखात लिहून दिले. ते माप दुसऱ्याच दिवशी काढले गेले. बदलाच्या सारांशात एवढेच लिहिले होते, की हे मूळ संशोधन (म्हणजे कोठेही न छापलेले, स्वतःचे) आहे, प्रकाशित संदर्भ द्यावा.

आयुष्यभर ज्याच्या मापावर बांध ठरले, त्याला हे वाक्य किती लागले असेल हे मी सांगत बसत नाही. चर्चा पानावर मी बराच त्रागा केला. मला मिळालेले उत्तर सौम्य होते आणि आज विचार करता पटणारेही होते : आपण अचूक मोजले असेल, पण नांदेडच्या किंवा न्यू जर्सीच्या वाचकाने ते कसे पडताळावे? मोजणी खात्यात माझ्या नकाशाखाली माझी सही असे, हुद्दा असे, चूक निघाली तर जबाबदारी असे. येथे लेखाखाली कोणाचीच सही नसते. त्यामुळे लिहिणाऱ्याच्या अधिकाराला किंमत उरत नाही आणि सगळा भार संदर्भावर येतो. मजकूर पडताळण्याजोगा हवा, स्वतःचे संशोधन नको आणि दृष्टिकोन तटस्थ हवा, या तीन नियमांपैकी पहिले दोन मला त्या एका मापाने शिकवले.

त्याच विहिरीने नियमाची दुसरी बाजूही दाखवली. नाव बारा मोटांचे असले, तरी तेथे पंधरा मोटांची सोय असल्याचे अनेक ठिकाणी छापलेले आहे. यांतील कोणता आकडा लिहावा, असे मी विचारले तेव्हा दोन्ही लिहावेत आणि प्रत्येकापुढे कोण म्हणतो ते द्यावे, असे सुचवण्यात आले. विहिरीवरील शिलालेखाविषयी मात्र एक सवलत मिळाली. प्रकाशित वाचनात शके १६४१ ते १६४६ असे वर्ष असेल, तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढणे हे संशोधन मानले जात नाही. साधे गणित चालते. अर्थात जाणकार येथेही अडवतील, कारण पौषापासून फाल्गुनापर्यंतची बरीचशी तिथी पुढच्या इसवी सनात जाते आणि तेव्हा ७९ मिळवावे लागतात. महिना ठाऊक नसेल तर हे लक्षात ठेवूनच लिहावे.

तटस्थतेचा नियम वाचायला सोपा आणि पाळायला सर्वांत कठीण आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘स्थापत्यकलेचा अद्भुत आविष्कार’, ‘डोळ्यांचे पारणे फेडणारी’, ‘पूर्वजांच्या दूरदृष्टीची साक्ष’ असे शब्द होते, आणि ते काढल्यावर परिच्छेद निम्मा झाला, पण माहिती तसूभरही कमी झाली नाही. शाळेतल्या निबंधांनी लावलेली ही सवय अजूनही अधूनमधून उसळी घेते. मराठीत तर अडचण विशेषणांच्याही आधी, सर्वनामापासूनच सुरू होते. सरदारासाठी ‘ते’ आणि दरोडेखोरासाठी ‘तो’ लिहिले, की लेखकाचा निवाडा व्याकरणातच उतरतो. यावर मला स्वतःला समाधानकारक तोडगा सापडलेला नाही. शक्य तेथे मी नाव पुन्हा लिहितो, आणि वाक्य थोडे जड झाले तरी चालवून घेतो.

प्रताधिकाराच्या बाबतीत चूक पूर्णपणे माझी होती. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर सर्वांना वाचता येतो, तेव्हा त्यातील परिच्छेद उचलण्यास हरकत नसावी, अशी माझी समजूत होती. वाचण्यास मोकळे असणे आणि उतरवून घेण्यास मोकळे असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरचे वर्ष लागल्यापासून साठ वर्षे प्रताधिकार टिकतो. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ साली वारले, म्हणून त्यांचे स्वतःचे लेखन १९९७ संपताच मुक्त झाले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८५ सालचा सातारा खंडही मुक्त आहे. मात्र अशा जुन्या ग्रंथातील लोकसंख्या किंवा जातींविषयीची शेरेबाजी आजचे सत्य म्हणून उतरवणे हा वेगळाच अपराध ठरेल; तेथे सन आणि ग्रंथकर्त्याचे नाव वाक्यातच यायला हवे. विकिपीडियावर आपण लिहितो तो मजकूर मात्र कोणीही, व्यापारासाठीसुद्धा, श्रेय देऊन आणि त्याच परवान्याखाली वापरू शकतो. विहिरीची माझी छायाचित्रे कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रभांडारावर, चढवताना उद्या एखाद्या कॅलेंडरवर ती दिसली तर तक्रार करता येणार नाही, हे मी स्वतःला बजावून घेतले. व्हॉट्सअॅपवर आलेली छायाचित्रे चढवू नयेत, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

तांत्रिक बाजू अपेक्षेपेक्षा सोपी निघाली. धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, आठवडाभर हात बसवला, प्रकाशित करण्यापूर्वी झलक पाहण्याची सवय लावली आणि बाकीचे इतरांचे लेख उघडून त्यांची बांधणी पाहत शिकलो. साच्यांपासून, म्हणजे लेखात बसवायच्या तयार चौकटींपासून, मी अजूनही चार हात दूर राहतो. एक महिरपी कंस विसरला तरी सगळी चौकट विस्कटते. धूळपाटी, चावडी (सर्वांच्या चर्चेचे पान), सांगकाम्या (आपोआप बदल करणारी आज्ञावली), प्रचालक (देखरेख करणारे सदस्य) हे शब्द मात्र मला मनापासून आवडले. संगणकाच्या जगात इतके घरचे मराठी क्वचितच भेटते.

नात्यागोत्याची अडचण मला अनपेक्षित होती. मी तेथे लिहितो हे कळल्यावर चुलतभावाने त्याच्या पतसंस्थेचे पान ‘करून टाक’ म्हणून सांगितले आणि एका मेहुण्यांना स्वतःच्या कवितासंग्रहांचे पान हवे होते. जवळच्या माणसाविषयी लिहू नये आणि स्वतंत्र, विश्वासार्ह लेखन झालेले नसेल तर विषय उल्लेखनीय ठरत नाही, हे मी दोघांनाही समजावले. भावाला पटले. मेहुणे अजून फोन करत नाहीत.

उल्लेखनीयतेच्या या नियमाविषयी माझी हरकत मात्र कायम आहे. ज्या गावावर कोणी पुस्तक लिहिले नाही, त्या गावच्या बारवा, पाटाचे हिस्से, पाणी वाटण्याची पाळी हे सगळे म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे आणि त्यांच्याबरोबर जाईल. नियम बदलावा असे मी म्हणत नाही, कारण तोंडी माहितीला दार उघडले, तर वंशावळी आणि दंतकथांचा लोंढा कसा येतो हे मी मोजणीच्या वादांत पुरेपूर पाहिले आहे. ही माहिती आधी कोठेतरी नीट छापली जायला हवी, मग ती येथे येईल. म्हणून हल्ली माझा निम्मा वेळ जिल्ह्याच्या ग्रंथालयात जुने स्मृतिग्रंथ चाळण्यात जातो, आणि पृष्ठ क्रमांक टिपण्यासाठी वही बरोबर असते.

विहिरीचे माप लेखात अजूनही छापील आहे तेच आहे. माझा नकाशा मी वास्तुकला शिकणाऱ्या एका ओळखीच्या मुलीला दिला. ती आपल्या सहकाऱ्यांसह स्वतंत्रपणे मोजणी करणार आहे, आणि तिचा लेख एखाद्या नियतकालिकात आला, तर चर्चा पानावर त्याची माहिती मी देईन. लेखात तो आकडा घालायचा की नाही, हे दुसऱ्या कोणी ठरवावे.