४९९ रुपयांतलं ‘शुद्ध म्हैसूर चंदन’: रीड डिफ्युझर घेताना गिऱ्हाईक कुठे नागवलं जातं

रीड डिफ्युझर म्हणजे काड्यांतून खोलीत सुगंध सोडणारी बाटली. इन्स्टाग्रामवरच्या तिच्या जाहिरातीत सगळं देखणं असतं. जाड बुडाची काचेची बाटली, आठ काळ्या काड्या, गळ्याला सुतळीची गाठ, आणि खाली ओळ: ‘शुद्ध म्हैसूर चंदन, १०० टक्के नैसर्गिक, १०० मि.ली., फक्त ४९९ रुपये, ३ नग शिल्लक’. पार्सल येतं, पैसे कुरिअरवाल्याच्या हातावर पडतात, त्या संध्याकाळी हॉलभर घमघमाट सुटतो. आठवड्याभरात वास हुंगून शोधावा लागतो. तिसऱ्या आठवड्यात बाटलीत बोटभर द्रव उरतो. विक्रेत्याला मेसेज केला की ठरावीक उत्तरं येतात: नाकाला सवय झाली असेल, काड्या उलट्या करा, थोडं पाणी घालून बघा. तोवर माल परत करायची सात दिवसांची मुदत उलटून गेलेली असते.

हे सगळं मुदतीच्या आतच ओळखता येतं. त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक टिश्यू आणि थोडा हिशेब पुरतो.

आधी हिशेब. डिफ्युझरच्या द्रवात मुख्यतः दोनच गोष्टी असतात: सुगंध आणि तो काडीतून वर नेऊन हवेत सोडणारा बेस. सुगंधाचं प्रमाण साधारण १५ ते ३० टक्के; बरा माल २० ते २५ च्या आसपास. म्हणजे १०० मि.ली. बाटलीत निदान २० मि.ली. सुगंधी तेल हवं. अस्सल चंदन तेलाचा भाव किलोला एक लाख रुपयांच्या बराच वर आहे. लाखच धरला तरी २० ग्रॅमचे २,००० रुपये झाले. बाटली, काड्या, खोकं, कुरिअर, जाहिरात आणि जीएसटी अजून बाकीच आहे. ४९९ रुपयांत हे बसवणारा माणूस एक तर दानशूर आहे, किंवा बाटलीत चंदन नाही.

मोगऱ्याचंही तेच. हजार किलो फुलांतून द्रावकाने काढलेलं शुद्ध सुगंधी द्रव्य जेमतेम एक-दोन किलो निघतं, त्यामुळे त्याचा भावही लाखांत. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या पद्धतीत तांब्याच्या डेगेत (मोठ्या हंड्यात) फुलं उकळून वाफ भपक्यातल्या, म्हणजे ती गोळा होणाऱ्या भांड्यातल्या, चंदन तेलात उतरवतात. हल्ली बऱ्याच भट्ट्यांत चंदनाच्या जागी पातळ पॅराफिन (खनिज तेल) असतं. तसलं ‘मोगरा अत्तर’ डिफ्युझरमध्ये ओतलं तर काडी तेलकट होऊन बसते, वास येत नाही. लिली, समुद्र, स्ट्रॉबेरी या नावांची तर ‘इसेन्शियल ऑइल’ बाजारात असूच शकत नाहीत. उलट गवती चहा, निलगिरी, संत्र्याची साल ही तेलं किलोला हजार-दोन हजारांच्या घरात मिळतात. ‘नैसर्गिक’ हा शब्द त्या वासांवर, वाजवी किमतीत दिसला तर पटण्यासारखा आहे.

कृत्रिम सुगंध म्हणजे फसवणूक, असं मात्र नाही. बाजारातले बहुतेक डिफ्युझर कंपाउंडवर, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या तयार मिश्रणावरच चालतात, आणि सँडलोर, जावानॉल यांसारखी चंदनी वासाची कृत्रिम द्रव्यं चांगल्या परफ्युममध्येही वापरतात. ‘चंदनाचा सुगंध’ लिहून ४९९ ला विकला तर तक्रारीला जागा नाही. ‘शुद्ध म्हैसूर चंदन तेल’ लिहून विकला तर ती लबाडी.

शिक्क्यांच्या बाबतीतही डोकं शाबूत ठेवावं. ‘इफ्रा अप्रूव्हड’ असं छापलेलं दिसतं. इफ्रा ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना कुठल्याही मालाला मान्यता देत नाही. ती फक्त कुठलं द्रव्य किती वापरायचं याच्या मर्यादा ठरवते. त्या पाळल्याचं प्रमाणपत्र सुगंधाचा पुरवठादार स्वतःच लिहून देतो, आणि त्यात नैसर्गिक-कृत्रिम याबद्दल अवाक्षर नसतं. ‘थेरप्यूटिक ग्रेड’ (औषधी दर्जा) अशी प्रत कुठल्याही सरकारी संस्थेने ठरवलेली नाही. विक्रेत्याकडे त्या सुगंधाचं इफ्रा प्रमाणपत्र आणि सेफ्टी डेटा शीट (सुरक्षिततेच्या माहितीचा कागद) मागावं. ज्याने माल खरोखर पुरवठादाराकडून घेतला आहे, त्याच्याकडे हे कागद असतातच. ‘कंपनीचं सिक्रेट आहे’ हे उत्तर आलं की समजून जावं.

आता बेस. खरी चोरी इथे होते, कारण सुगंधाची शंका तरी गिऱ्हाइकाला येते, बेसची येत नाही. चांगल्या बेसचं काम चमत्कारिक आहे: काडीतून चढण्याइतका तो पातळ हवा, आणि दोन-तीन महिने पुरेल इतक्या सावकाश उडायला हवा. त्यासाठी डीपीएम हे ग्लायकॉल इथर किंवा ग्लिसरीनपासून बनवलेले, ऑजिओ या नावाने विकतात तसले द्रावक वापरतात. भेसळीचे चार प्रकार दिसतात.

पहिला, अल्कोहोल. आयसोप्रोपिल किंवा इथेनॉल भरपूर घातलं की पहिल्या दिवशी वासाचा झोत येतो आणि गिऱ्हाईक लगेच पाच तारे देऊन मोकळं होतं. मग अल्कोहोल झपाट्याने उडतं, हलके वास सोबत घेऊन जातं, आणि जड, गोडसर गाळ मागे उरतो. वर सांगितलेली ४९९ ची बाटली या जातीची. ती पेटही पटकन घेते, त्यामुळे देवघरात समईशेजारी ठेवणं धोक्याचं.

दुसरा प्रकार नेमका उलटा: डीईपी (डायइथाइल फ्थॅलेट). अगरबत्ती-अत्तराच्या धंद्यात हे द्रावक सर्रास वापरतात. ते जड आहे आणि जवळजवळ उडतच नाही. सुगंध निघून जातो, बाटली मात्र भरलेली. ‘बघा, अजून अर्धीसुद्धा संपली नाही’ असं विक्रेता उलट कौतुकाने सांगतो. ‘फ्थॅलेट-फ्री’ असं लिहून आत डीईपीच भरलेलं असू शकतं. डीईपी हे फ्थॅलेटच आहे.

तिसरा, बदाम तेल, खोबरेल किंवा पॅराफिन. ‘केमिकल-फ्री’ म्हणून प्रदर्शनांत खपतं. घट्टपणामुळे ते काडीत नीट चढत नाही आणि चढलंच तरी उडत नाही. चौथा, पाणी. यात तेल विरघळावं म्हणून साबणी द्रव्य घातलेलं असतं, द्रव दुधाळ दिसतो, काही आठवड्यांत काड्यांना बुरशी धरते. ‘संपत आलं की पाणी घाला’ हा सल्ला म्हणजे आपल्याच हाताने हा चौथा प्रकार तयार करणं. पाणी उडून जातं आणि तेल फुटून वेगळं होतं.

हे ओळखायचं कसं? पार्सल आल्याच्या दिवशीच, गॅस आणि दिव्यापासून लांब, टिश्यूवर एक थेंब टाकावा. दोन-चार मिनिटांत तो कोरडा पडला तर अल्कोहोल जास्त आहे. तासाभराने ओलसर असेल आणि वास येत असेल तर ठीक. दुसऱ्या दिवशी वडा ठेवलेल्या कागदासारखा पसरट पारदर्शक डाग राहिला आणि वास गेलेला असेल, तर तेल, पॅराफिन किंवा डीईपी.

मग वजन. रिकाम्या कोरड्या काचेच्या बरणीचं वजन करून त्यात सगळा द्रव ओतावा आणि पुन्हा वजन करावं. १०० मि.ली. द्रव बेसप्रमाणे साधारण ९० ते १०५ ग्रॅम भरतो. ६५-७० ग्रॅमच भरला तर जाड बुडाच्या काचेने तुम्हाला गंडवलं आहे. खोक्यावरचे १०० मि.ली. बाटलीच्या मापाचे होते. थर्माकोलचा किंवा प्लॅस्टिकचा कप वापरू नये, सुगंधी तेलं त्यांना विरघळवतात. द्रव परत भरून काड्या घालाव्यात आणि बाटली, काड्या सगळं मिळून वजन टिपून ठेवावं. काड्यांसकट करायचं याला कारण आहे: आठ कोऱ्या काड्या पहिल्याच दिवशी चार-पाच मि.ली. शोषून घेतात, म्हणून नुसती पातळी बघितली तर चांगली बाटलीही झरझर उतरल्यासारखी वाटते. दोन-तीन महिने चालणारी १०० मि.ली.ची बाटली आठवड्याला साधारण ८ ते १२ ग्रॅम उतरते. तीन दिवसांतच १५-२० ग्रॅम गेले तर अल्कोहोल. आठवड्यात एक-दोन ग्रॅमही हलले नाहीत तर बेस जड आहे, किंवा काड्या खोट्या आहेत.

काड्यांचा मामला वेगळा तपासावा लागतो. खऱ्या काड्या वेताच्या किंवा फायबरच्या, तीन-चार मि.मी. जाडीच्या. वेताच्या आत बुडापासून टोकापर्यंत बारीक नळ्या सलग असतात. स्वस्तातल्या संचात बहुधा बांबूच्या, म्हणजे कबाबाला वापरतात तसल्या काड्या येतात. बांबूत या वाटा अरुंद असतात आणि पेर आलं की तुंबतात. कोरी काडी पाण्याच्या पेल्यात बुडवून वरच्या टोकाने जोरात फुंकावं. वेत असेल तर खाली बारीक बुडबुडे येतात. द्रवात ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी वरचं टोक टिश्यूत दाबावं, ओल लागली पाहिजे. रंगवलेल्या काड्यांची टोकं कधीकधी रंगाने बुजलेली असतात; एक सेंटीमीटर छाटून पुन्हा बघावं. बाटली चांगली आणि काड्या टाकाऊ असतील तर वेताच्या नव्या काड्या आणून प्रश्न सुटतो. रिफिल करताना जुन्याच काड्या वापरणं मात्र फुकट, त्या धुळीने आणि गाळाने चोंदलेल्या असतात.

विक्रेत्याच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे. नाकाला सवय होते हे खरंच आहे, म्हणून अर्धा तास बाहेर जाऊन आल्यावर दारातच वास घ्यावा, किंवा पाहुण्याला विचारावं. १०० मि.ली.ची एक बाटली १००-१५० चौरस फुटांच्या खोलीला पुरते. मोठ्या हॉलला ती कमी पडली तर दोष मालाचा नाही. पंख्याच्या थेट झोताखाली ठेवली तर चांगली बाटलीही लवकर संपते. काड्या रोज उलटवल्या तर वास वाढतो, पण माल तितक्याच वेगाने जातो. आठवड्यातून एकदा पुरे. बाटलीखाली काच किंवा स्टीलची ताटली हवीच, कारण सांडलेला द्रव लाकडाचं पॉलिश उठवतो. मुलं आणि मांजर यांच्या हाती ती लागता कामा नये.

खोक्यावर काय हवं, ते कायद्याने ठरलेलं आहे. २०११ च्या वैध मापन नियमांनुसार उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापावाच लागतो. ‘फ्रेंच परफ्युम ऑइल’ लिहिलेल्या आयात मालावर आयातदाराचा पत्ता नसेल तर पार्सल उघडायच्या आधीच परत करावं. ‘फक्त ३ नग शिल्लक’ हा आकडा महिनाभर तसाच दिसत असेल, तर ही खोटी घाई ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नावानिशी बंदी घातलेल्या युक्त्यांपैकी एक आहे.

तक्रारीसाठी सगळ्यात महत्त्वाचा पुरावा म्हणजे जाहिरातीचा स्क्रीनशॉट, कारण तक्रार गेली की ती जाहिरात गायब होते. ऑर्डर देतानाच तो काढावा. जोडीला पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ, लेबलचा फोटो आणि काट्यावरच्या आकड्यांचे फोटो. मुदतीच्या आत लेखी परतावा मागावा. नुसत्या ‘स्टोअर क्रेडिट’ला हो म्हणू नये. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. कमी भरलेल्या मालासाठी राज्याचं वैध मापन खातं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि दोन वर्षांच्या आत दावा करता येतो.

विक्रेत्याच्या पानावर उघड कॉमेंटमध्ये फोन नंबर लिहून तक्रार करू नये. थोड्याच वेळात ‘कस्टमर केअर’मधून फोन येतो आणि परताव्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगतात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. टाकलाच असेल तर आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावावा, मग बँक.