फुलपाखरांसाठी जाळीचा पिंजरा घेतला, गुहागरच्या हवेत एक पावसाळा वापरून लिहितोय

गेल्या श्रावणात ऑनलाइन मागवला होता, घडी होणारा, 40 बाय 40 बाय 60 सेंटिमीटर, साडेसहाशे रुपयांना. आमच्या मागच्या पडवीला लागून कढीलिंब आहे आणि जरा पलीकडे पपनस, आणि कढीलिंबावरच्या अळ्या आई दरवर्षी काडीने पाडून टाकायची, तर यंदा म्हटलं थांब गो, काय होतं त्यांचं ते तरी बघू.

साईझ मोठीच घ्या. 30 चा छोटा पण मिळतो, शंभर-दीडशे रुपये वाचतात, पण नको. कढीलिंबावरच्या लाइम फुलपाखराला तो एकवेळ पुरेल, पण पपनसावर ब्लू मॉरमॉन अंडी घालतं, आपलं राज्य फुलपाखरू, 2015 साली जाहीर झालेलं, त्याचे पंख पसरले की 12 ते 15 सेंटिमीटर भरतात. कोषातून बाहेर आल्यावर तासभर तरी ते लटकून पंख सुकवतं, तेव्हा खाली मोकळी जागा नसली की पंख चुरगळलेलेच वाळतात आणि मग ते कधीच उडत नाही.

जाळी चांगली आहे, बारीक, आतलं स्पष्ट दिसतं. तळाला प्लास्टिकचा शीट आहे तो काढून लेंड्या झटकता येतात, आणि लेंड्या किती त्या! शेवटच्या आठवड्यात अळी नुसती चरत असते, एका अळीने दोन दिवसांत फांदी बोडकी केली. लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, आई म्हणालीच, ही काय घाण जपून ठेवलीयस. मग कात टाकत टाकत हिरवी होते, आणि बोट लावलं की डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढते, त्याचा वास घरभर.

आता झिप. फोटोखाली गंजत नाही असं लिहिलेलं, आमच्याकडे समुद्र पाच मिनिटांवर, खाऱ्या हवेने दीड महिन्यात कडी लाल झाली. विक्रेत्याला फोटो पाठवले तर रिटर्नची मुदत संपली म्हणाले, विषय बंद. खोबरेल लावून चालवतोय. त्याहून वाईट म्हणजे कोपऱ्यात दोन झिपा एकमेकींना नीट भेटत नाहीत, करंगळी जाईल एवढी फट, तिथून लाल मुंग्या आत शिरल्या आणि एका रात्रीत तीन अळ्या संपवल्या. तेव्हापासून फटीत कापसाचा बोळा आणि पिंजरा वाशाला टांगलेला, दोरीला एरंडेल चोळून.

सोबत एक कागद येतो, त्यात रोज दोनदा पाणी फवारा असं लिहिलंय. अरे बाबा, श्रावणात आमच्या भिंतींना घाम येतो! मी पहिले चार दिवस ऐकलं, लेंड्यांना बुरशी आली आणि दोन अळ्या काळ्या पडून लोंबकळल्या. पागोळ्यांपासून लांब ठेवा, पानं पुसून घाला, फवाराबिवारा काही नको. फांदी बाटलीत ठेवत असाल तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, अळ्या सरळ खाली उतरून बुडतात.

आणि बाहेरून मोठी झालेली अळी आणू नका. मी आणलेली, कोष छान झाला, आठ दिवस रोज बघत होतो आणि शेवटी त्यातून निघाली गांधीलमाशीसारखी एक बारीक माशी. अळी बाहेर असतानाच ही माशी तिच्या आत अंडं घालून गेलेली असते, त्याला पिंजरा काय करणार. पानावरचं अंडंच आणायचं, मोहरीएवढं पिवळसर असतं, तीन-चार दिवसांत फुटतं.

एकूण तेरा अंडी आणली, त्यातली आठ फुलपाखरं उडाली, सात लाइम आणि एक ब्लू मॉरमॉन. ते एक सकाळी साडेआठला सोडलं तर वाडीत न जाता आधी आईच्या जास्वंदीवर जाऊन बसलं, तेव्हापासून कढीलिंबाची काडी बंद आहे.

पाचपैकी तीन स्टार, दोन झिपेचे कापले. सध्या मे महिन्यात पिंजरा रिकामाच होता म्हणून आईने त्यात आमसुलं वाळत घातली, माशा बसत नाहीत म्हणून ती खूश आहे, पण जाळीला पडलेले लाल डाग दोनदा धुऊनही गेलेले नाहीत.