निओविमवर ट्री-सिटर, आठ महिन्यांनंतर: रंगावर जीव जडलाय, इंडेंटवर अजून भरवसा नाही

मागच्या जूनमध्ये डिचोलीत पाऊस नुसता कोसळत होता, दोन दिवस घरूनच काम होतं, तेव्हा निओविममध्ये (विम या कोड लिहायच्या एडिटरचा नवा अवतार) ट्री-सिटरचं प्लगिन टाकलं. कोडची रचना ओळखून ते रंग देतं आणि इंडेंट, म्हणजे ओळ किती आत सरकवायची, तेही ठरवतं. आता फेब्रुवारी संपत आलाय, रोज सात-आठ तास हाच एडिटर समोर असतो, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आधी माझं काम सांगतो कारण अनुभव त्यावरच ठरतो. पणजीतल्या एका छोट्या ऑफिसात हॉटेल बुकिंगचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळतो. पीएचपी, त्याच फाइलमध्ये एचटीएमएल, त्याच्या पोटात जावास्क्रिप्ट, मधेच एसक्यूएलची चाळीस ओळींची क्वेरी, आणि रिपोर्टचं सगळं पायथनमध्ये. विमचं जुनं हायलायटिंग रेजेक्सवर चालतं, ते मजकुरातले नमुने ओळखतं, कोडची रचना त्याला कळत नाही. वर वेग राखायला ते दरवेळी फाइलच्या सुरुवातीपासून वाचत नाही, स्क्रीनच्या थोडं वरून सुरू करतं, म्हणून दोन हजार ओळींच्या फाइलमध्ये मधेच कुठेतरी उडी मारली आणि वर एखादी लांबलचक स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) असली की खालचं सगळं कोड स्ट्रिंगच्याच रंगात. मग 'सिंटॅक्स सिंक फ्रॉमस्टार्ट' टाइप करायचं आणि पुढे जायचं. वर्षानुवर्षं हेच केलं.

ट्री-सिटर पूर्ण फाइलचं झाड बनवतं. मॅक्स ब्रुन्सफेल्ड यांनी ते लिहिलं, गिटहबच्या अ‍ॅटम एडिटरमध्ये ते आधी आलं, आणि निओविममध्ये ते २०२१ च्या ०.५ व्हर्जनपासून आलं. तुम्ही टाइप करता तेव्हा बदललेला भागच ते परत वाचतं, आणि कंस अर्धवट राहिला तरी बाकीचं झाड बहुतेक वेळा शाबूत राहतं. माझ्यासाठी खरी कमाल म्हणजे इंजेक्शन, म्हणजे एका भाषेच्या आत दुसरी भाषा ओळखणं. स्क्रिप्ट टॅगच्या आतलं जावास्क्रिप्ट आपोआप जावास्क्रिप्टच्या रंगात येतं. आणि पीएचपीच्या हिअरडॉकला (अनेक ओळींची स्ट्रिंग) एसक्यूएल असं नाव दिलं, एसक्यूएलचा पार्सर, म्हणजे ती भाषा वाचणारा भाग, टाकलेला असला, की आतली क्वेरी खऱ्या क्वेरीसारखी दिसते! ऑक्टोबरमध्ये सीझनच्या आधी रिपोर्टची एक क्वेरी लिहीत होतो, 'ग्रुप'मधलं एक अक्षर राहिलं होतं, तो शब्द कीवर्डच्या रंगात आलाच नाही, आणि चालवायच्या आधीच चूक डोळ्यांत भरली. पूर्वी अशी चूक सर्व्हरच्या एररमध्येच कळायची.

आता सेटिंगचं बोलू, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात आणि मीही अडकलो. गणेश चवथीला नवा लॅपटॉप आणला, माझी कॉन्फिग (सेटिंगची फाइल) त्यावर कॉपी केली, एडिटर उघडला तर 'कॉन्फिग्स नावाचं मॉड्यूल सापडत नाही' असा एरर आणि रंगांचा पत्ताच नाही. घरात गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायची गडबड चाललेली आणि मी टर्मिनलसमोर. कारण असं निघालं की प्लगिन नव्याने लिहिलंय आणि २०२५ मध्ये मेन ही ब्रँच (कोडची वेगळी शाखा) डिफॉल्ट झाली, जुनी मास्टर ब्रँच गोठवलीय, माझ्या कॉन्फिगमध्ये ब्रँचचं नावच नव्हतं म्हणून नव्या मशीनवर नवी ब्रँच आली आणि सेटिंग मात्र जुन्या पद्धतीची. नेटवरचे अर्ध्याहून जास्त व्हिडिओ जुन्या पद्धतीचे आहेत हे आधी लक्षात घ्या. नव्या ब्रँचला मी टाकली तेव्हा निओविम ०.११ किंवा पुढचं लागत होतं, सी कंपायलर लागतो, ट्री-सिटरचा कमांड लाइन प्रोग्रॅम वेगळा टाकावा लागतो. आणि ते स्वतःहून रंग चालू करत नाही, फाइलटाइपचा ऑटोकमांड (त्या प्रकारची फाइल उघडली की आपोआप चालणारी कमांड) लिहून त्यात 'विम डॉट ट्रीसिटर डॉट स्टार्ट' तुम्हीच बोलवायचं. एकदा समजलं की तीन ओळींचं काम आहे, समजेपर्यंत माझी संध्याकाळ गेली. आता ब्रँच लिहून ठेवलीय, आणि प्लगिनची नेमकी व्हर्जन नोंदवणारी लॉकफाइल गिटमध्ये आहे.

प्लगिन अपडेट केलं की पार्सरही अपडेट करा. नाहीतर 'इनव्हॅलिड नोड टाइप' असा भला मोठा लाल एरर येतो, त्याला घाबरू नका, टीएसअपडेट चालवायचं, जातो. पार्सर मात्र नेट बरं असताना एकदम सगळे टाकून ठेवा, आमच्याकडे पावसात लाईट गेली की नेटही जातं.

इंडेंटेशनचं दुखणं वेगळं आहे. प्लगिनवाले स्वतःच त्याला प्रायोगिक म्हणतात आणि ते प्रामाणिक आहे. तुम्ही एंटर दाबता तेव्हा कोड अर्धवटच असतं ना, झाडात तिथे एरर असतो, आणि त्यावरून पुढची ओळ किती आत घ्यायची हे ठरवायचं म्हणजे अवघडच. पायथनमध्ये डिक्शनरीचा कंस उघडून एंटर मारला की कधी बरोबर, कधी कर्सर थेट डाव्या कडेला. दोन महिने सहन केलं. मग पायथनपुरतं ते बंद करून विमसोबत येणाऱ्या जुन्या इंडेंट फाइलवर परत गेलो. तिची एक खोड आहे, उघड्या कंसानंतर ती दुप्पट आत जाते, पण पायथन-इंडेंट नावाच्या व्हेरिएबलमध्ये ओपन-पॅरेनची किंमत एक शिफ्टविड्थ (इंडेंटच्या एका पायरीची रुंदी) केली की सरळ होते. लुआ आणि जावास्क्रिप्टला मात्र ट्री-सिटरचंच इंडेंट ठेवलंय, तिथे तक्रार नाही.

आणि एक, ओळ किती पायऱ्या आत जाईल ते प्लगिन सांगतं, पायरी केवढी ते शिफ्टविड्थ ठरवतं. टॅब की स्पेस हे एक्सपांडटॅब. आमचं पीएचपी टॅबवर, पायथन चार स्पेसवर, दोन्ही एकाच रेपोत (प्रोजेक्टच्या गिट फोल्डरात), आणि एकदा पेस्ट केलेल्या ओळींत टॅब राहिले तर पायथनने टॅबएरर देऊन रात्रीचा रिपोर्ट थांबवला. सकाळी मॅनेजरचा फोन. यात प्लगिनचा काही दोष नव्हता, मी मात्र आधी त्यालाच शिव्या घातल्या. आता रेपोत एडिटरकॉन्फिगची फाइल आहे, कुठे टॅब आणि कुठे स्पेस ते त्यात लिहिलंय, निओविम ०.९ पासून ती आपोआप वाचतं, वेगळं काही टाकावं लागत नाही.

देवनागरीचं बरेच जण विचारतात. आमचे मेसेज मराठीत आणि कोंकणीत स्ट्रिंगमध्येच असतात, रंग एकदाही चुकला नाही. जोडाक्षरं तुटकी दिसतात ती टर्मिनलमुळे.

रंग आवडले नाहीत तर थीम लगेच बदलू नका. शब्दावर कर्सर ठेवून इन्स्पेक्ट चालवा, रंगाचा कुठला गट लागलाय ते कळतं. माझ्या थीममध्ये व्हेरिएबल आणि फंक्शन एकाच निळ्यात होते, एका ओळीत फंक्शन पिवळं केलं आणि संध्याकाळी डोळ्यांवर येणारा ताण खरंच कमी झाला.

राहिलेली एकच तक्रार म्हणजे मोठ्या फाइल. डेटाबेसचा डंप उघडला की एडिटर अडकतो, म्हणून ठरावीक आकाराच्या वर ट्री-सिटर सुरूच करायचं नाही अशी अट त्या ऑटोकमांडमध्येच घातलीय. सध्या ती पाचशे केबीवर आहे, आमच्या सगळ्यात जुन्या पीएचपी फाइलला तेवढी पुरते.